नाटकाचा तास

माजलगाव हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. ते सिंदफणा नदीच्या काठी वसले आहे. ही नदी पुढे याच तालुक्यातील मंजरथ या तीर्थक्षेत्री गोदावरीला मिळते. सिंदफणेवर आज मोठे धरण आहे, कालवे आहेत. तरीही तालुक्यातील कित्येक घरांना दिवाळीच्या सुमारास कुलूप लागते. घरातील कर्ती माणसे ऊसतोडणीसाठी दूरच्या साखर कारखान्यांकडे निघून जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येतात. गावाला याची इतकी सवय झालेली आहे की, त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही.

या गावातील एका शाळेच्या नववीच्या वर्गात घडलेली ही हकीकत आहे.

श्रावण लागला होता. नुकतीच एक सर येऊन गेली होती आणि अंगणातील निंबाच्या पानांवरून पाणी अजून ठिबकत होते. शनिवारची सकाळची शाळा होती आणि शेवटचा तास होता. गुरुजी वर्गात आले. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर एकच शब्द लिहिला : 'नाटक'.

वर्गात आनंदाची लाट उसळली. स्नेहसंमेलनाला अजून पुष्कळ अवकाश होता. परंतु मुलांच्या डोळ्यांपुढे आताच दाढ्या, मिशा, मुकुट आणि लाकडी तलवारी नाचू लागल्या. पुढच्या बाकावरील एक उंचापुरा मुलगा तर उठून उभाच राहिला. मोंढ्यातील एका आडत दुकानदाराचा तो मुलगा. त्याचा आवाज खणखणीत होता. मागच्या संमेलनात तो राजा झाला होता आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला टाळी पडली होती.

"गुरुजी, पेटी आणू का कपड्यांची?" त्याने विचारले.

"पेटी नको, मुकुट नको आणि पडदाही नको," गुरुजी म्हणाले. "आज आपल्याला फक्त एक भरलेली घागर हवी आहे."

"कुठे आहे ती?"

"ती तुम्ही आणायची. नदीवरून भरून आणायची आणि इथे, या टेबलापाशी उतरवून ठेवायची. बोलायचे मात्र काही नाही."

एकेक मुलगा आणि एकेक मुलगी पुढे येऊ लागली. हात डोक्याशी नेऊन सगळी झपझप चालत येत आणि हात खाली टाकून मोकळी होत. कोणाची घागर कापसाहून हलकी होती, तर कोणाची वाटेतच नाहीशी होत होती. राजा झालेला मुलगा मोठ्या ऐटीत आला. त्याने कपाळावरचा घाम पुसला, धापाही टाकल्या. परंतु घाम पुसताना आपण दोन्ही हात सोडले आहेत आणि घागर आता अधांतरी आहे, हे त्याच्या ध्यानात आले नाही. वर्ग खो खो हसला.

सर्वांत शेवटी मागच्या बाकावरील एक मुलगी उठली. ती जवळच्या एका खेड्यातून येत असे. वर्गात ती फारशी बोलत नसे. तिने आधी ओढणीचे टोक पिळून त्याची चुंबळ केली आणि ती डोक्यावर नीट बसवली. मग गुडघे वाकवून तिने घागर उचलली. क्षणभर मान स्थिर करून ती चालू लागली. वाटेत एके ठिकाणी तिने पाऊल जरा बाजूला टाकले. तिथे चिखल असावा. टेबलापाशी येऊन तिने घागर उतरवली, हिंदकळणारे पाणी निवेपर्यंत काठावर हात ठेवला आणि मग ती मुकाट्याने जागेवर जाऊन बसली.

या वेळी कोणी हसले नाही. सर्वांनी ती घागर पाहिली होती.

गुरुजींनी मग फळ्यावर चार शब्द लिहिले : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. ते म्हणाले, "भरतमुनींनी नाट्यशास्त्र या ग्रंथात अभिनयाचे हे चार प्रकार सांगितले आहेत. हातापायांनी, मानेने, डोळ्यांनी केला जातो तो आंगिक. वाणीने केला जातो तो वाचिक. वेषभूषा आणि रंगभूषा यांनी साधतो तो आहार्य. तुम्ही मघाशी कपड्यांची पेटी मागत होता, ती या तिसऱ्या प्रकारातली. चौथा सात्त्विक. तो मनातून उगवतो. डोळ्यांत पाणी येते, अंगावर काटा उभा राहतो, आवाज फुटत नाही, हात कापतात, तो हा अभिनय. बाजारात पेटी मिळते, चौथी वस्तू मिळत नाही. ती कुठून आणायची, हे आपल्याला या तासाला शिकायचे आहे."

त्या दिवसापासून दर शनिवारी नाटकाचा तास होऊ लागला.

गुरुजी एखाद्या दिवशी नाटकाचा इतिहास सांगत. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हे नाटक केले आणि तेथून मराठी रंगभूमीचा प्रवास सुरू झाला, असे मानतात. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांचा त्यांना आश्रय होता. गंमत अशी की, या नाटकातील पात्रांची भाषणे लिहिलेली नव्हती. सूत्रधार पदे म्हणे आणि त्यांतील प्रसंग ध्यानात घेऊन पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी करीत. पुढे विनायक जनार्दन कीर्तने यांनी १८६१ साली 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक लिहिले आणि लिहिलेल्या संवादांवरून नाटक करण्याची रीत पडत गेली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले आणि संगीत नाटकांचे युग अवतरले.

"म्हणजे आपणही न लिहिता नाटक करायचे?" एकाने विचारले.

"आधी बोलून पाहायचे, मग लिहायचे," गुरुजी म्हणाले. "जे तोंडून खरे निघेल, तेवढेच कागदावर ठेवायचे."

एकदा त्यांनी गावाच्या जुन्या दिवसांविषयी सांगितले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. तोवर सारा मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता. माध्यमिक शाळांतील शिक्षण उर्दू माध्यमातून चाले आणि सभा-समारंभ करावयाचे तर सरकारची परवानगी लागे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला भूगोल आणि गणित दुसऱ्या भाषेतून शिकावे लागे. उर्दू ही गोड आणि समृद्ध भाषा आहे. दोष भाषेचा नव्हता, सक्तीचा होता. गुरुजी म्हणाले, "आपल्या भाषेत मोठ्याने बोलता येणे हीच त्या काळी दुर्मिळ गोष्ट होती. तुम्हांला ती विनासायास मिळाली आहे. तिचे काय करायचे, ते तुम्ही ठरवा."

परंतु मुलांच्या मनात घर करून राहिला तो निराळाच तास. त्या दिवशी गुरुजींनी परकायाप्रवेशाची गोष्ट काढली. जुन्या कथांतून योगी पुरुष आपले शरीर सोडून दुसऱ्याच्या शरीरात शिरतात. "ही विद्या आपल्याला येणार नाही," गुरुजी म्हणाले, "पण तिची धाकटी बहीण शिकता येते. आपले शरीर न सोडता दुसऱ्याच्या मनात शिरणे, ही ती विद्या. मराठवाड्यात ही विद्या चारशे वर्षांपूर्वी एका महापुरुषाला पूर्ण साधली होती. याच गोदावरीच्या काठी, वरच्या अंगाला पैठण आहे. तिथल्या एकनाथमहाराजांनी भारुडे रचली. त्यांत ते कधी वासुदेव होऊन बोलतात, कधी गोंधळी, कधी जोशी, तर कधी आंधळा किंवा मुका होऊन बोलतात. समाजाने ज्याला दाराबाहेर उभे केले होते, त्याच्याही तोंडून ते बोलले. एवढा मोठा पंडित. पण ज्ञान सांगताना त्याने स्वतःचा आवाज बाजूला ठेवला आणि दुसऱ्याचा आवाज उचलला. यालाच मी परकायाप्रवेश म्हणतो."

त्या आठवड्याला मुलांना एक काम मिळाले. प्रत्येकाने एक माणूस निवडायचा, आठ दिवस त्याला न कळत पाहायचे आणि वहीत टिपून आणायचे. नक्कल मात्र करायची नाही. गुरुजींनी बालगंधर्वांचे उदाहरण दिले. पुरुष असून त्यांनी रंगभूमीवर स्त्रिया उभ्या केल्या, आणि त्या इतक्या जिवंत की, घराघरांतील स्त्रिया त्यांच्या नेसण्याचे आणि वागण्याचे अनुकरण करू लागल्या. पुढे काळ बदलला. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या आणि मुलींना रंगभूमीची वाट मोकळी होत गेली.

मुलांनी वह्या भरून आणल्या. मोंढ्यातील हमाल पोते पाठीवर घेण्यापूर्वी एकदा जमिनीला हात लावून तो कपाळाशी नेतो, हे एकाने टिपले होते. एस. टी. चा वाहक उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे न पाहता हात पुढे करतो आणि तो हात बरोबर म्हाताऱ्याच्या कोपराखाली जातो, हे एका मुलीने लिहिले होते. रोज डोळ्यांपुढे असलेली ही माणसे आपण कधी पाहिलीच नव्हती, असे मुलांना वाटू लागले.

भाद्रपद उजाडला. आता नाटकाचा विषय ठरवावयाचा होता. कोणी शिवाजीमहाराजांचे नाव घेतले, कोणी राक्षस आणि राजकन्येचे. गुरुजी म्हणाले, "हे विषय थोर आहेत. पण पहिले नाटक आपल्या वेशीतले असू द्या. आपल्या गावात दरवर्षी घडते, अशी एखादी गोष्ट सांगा."

पुष्कळ विचार झाल्यावर कोणीतरी म्हणाले, "दिवाळी झाली की माणसं उसाला जातात, ते दाखवू."

सर्वांना हे पसंत पडले. लगेच करून पाहायचे ठरले. प्रसंग असा : आईबाप ट्रॅक्टरवर बसून कारखान्याकडे निघाले आहेत आणि घरात म्हातारी आजी व शाळकरी मुले मागे राहिली आहेत. आडत्याच्या मुलाने आईचे काम आपणहून मागून घेतले. त्याने डोक्यावर पदर घेतला, छाती बडवली, "अरे माझ्या लेकरांनो!" असा टाहो फोडला आणि तो भिंतीला टेकून हुंदके देऊ लागला. त्याचा आवाज खरोखरच फार चांगला होता. वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला.

टाळ्या थांबल्या आणि मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला. "गुर्जी, माय असं रडत नसती."

सर्वांच्या माना मागे वळल्या. घागरीची ती मुलगी उभी होती. तिचा चेहरा लाल झाला होता.

"मग कशी रडते?" गुरुजींनी हळूच विचारले.

"रडतच नाही. ती गाठोडं बांधती. बांधून झालं की सोडती अन् पुन्हा बांधती."

"दाखवशील?"

मुलीने मान हलवली आणि ती खाली बसली. गुरुजींनी आग्रह केला नाही. वर्गात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग काय वाटले कोणास ठाऊक, ती आपणहून उठली आणि पुढे आली.

ती जमिनीवर बसली. तिने एक फडके पसरले. फडके अर्थात नव्हते. त्यात तिने तवा ठेवला, काठवट ठेवली, पिठाची पिशवी ठेवली. कोयत्याला चिंधी गुंडाळून तो कडेला सारला. चारी टोके एकत्र आणून तिने गाठ मारली. मग दाराकडे एकदा पाहिले. पुन्हा गाठ सोडली, पिशवी या बाजूची त्या बाजूला ठेवली आणि पुन्हा गाठ मारली. नंतर समोर न पाहता, जणू म्हाताऱ्या सासूला सांगावे तसे ती बोलू लागली, "डाळ शिंकाळ्यात हाय. दिव्याचं तेल जपून वापरा. मधलीला खोकला हाय, तिला रातच्याला गार पाणी देऊ नका." एवढे सांगून ती उठली, गाठोडे उचलले आणि मागे वळून न पाहता चालू लागली. दाराशी मात्र तिचा हात चौकटीवर क्षणभर टेकला.

एवढेच तिने केले. ना टाहो, ना हुंदका. पण पहिल्या बाकावरील दोन मुली डोळे पुशीत होत्या आणि आडत्याचा मुलगा डोक्यावरचा पदर काढून हातात घेऊन तसाच उभा होता.

गुरुजी पुष्कळ वेळाने बोलले. "चौथा अभिनय कुठे मिळतो, असे मी म्हटले होते. तो तुम्ही आज पाहिलात. ज्याला रडायला सवड नाही, त्याचे रडणे हातांतून बाहेर येते."

तास संपल्यावर एका मुलाने त्या मुलीला विचारले, "तू दरवर्षी दिवाळीनंतर शाळेत नसतेस, ती तिकडेच जातेस काय?"

"हो," ती म्हणाली. "धाकट्याला सांभाळायला लागतं."

चार वर्षे ती त्यांच्याबरोबर शिकत होती. दरवर्षी दिवाळीनंतर तिची जागा रिकामी राही आणि पाडव्यानंतर ती पुन्हा येऊन बसे. ती कुठे जाते, हे त्या दिवसापर्यंत कोणीही तिला विचारले नव्हते.

मग नाटक आकार घेऊ लागले. मुलीने आईचे काम मात्र नाकारले. गावातील लोक तिच्या आईबापांना हसतील, अशी तिला भीती वाटत होती. "मी सांगीन, दुसऱ्यानं करावं," असे ती म्हणाली. तेव्हा ते काम दुसऱ्या एका मुलीला दिले गेले, आणि ही तिला शिकवू लागली. जी कधी तोंड उघडत नसे, ती आता वर्गाला समजावून सांगू लागली. तोडणीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेला 'उचल' म्हणतात. दर दिवशी किती टन ऊस तुटला, त्यावरून ती उचल फिटत जाते. फडाजवळ राहण्यासाठी जी झोपडी घालतात, ती 'कोपी'. पहाटेच्या काळोखात माणसे फडात उतरतात आणि थंडीत उसाच्या पाचटाने हात चिरतात. हे शब्द मुलांनी रस्त्यात ऐकले होते; त्यांचा अर्थ त्यांना प्रथमच उमगला.

मुकादमाचे काम आडत्याच्या मुलाकडे आले. त्याने लगेच मिशीवर ताव दिला, डोळे वटारले आणि खर्जातील आवाज लावला. मुलीने पुन्हा मान हलवली.

"आमचा मुकादम असा न्हाई. तो आमच्याच गावचा हाय. त्यानं कारखान्याकडून पैसे उचललेले असत्यात. एखादा कोयता पळाला तर ते पैसे त्याच्या अंगावर येत्यात. म्हणून तो ओरडतो. पण गाडीत बसताना म्हाताऱ्याला हात बी तोच देतो."

मुलगा विचारात पडला. राजा होणे सोपे होते, राक्षस होणेही सोपे होते. जो ओरडतो आणि हातही देतो, असा माणूस व्हायचे कसे, हे त्याला कळेना. तो दोन दिवस अस्वस्थ होता. तिसऱ्या दिवशी तो तालमीला आला, आणि त्याने वाक्ये म्हटली ती नेहमीच्या आवाजात. हातात एक वही घेऊन तो नावे वाचीत होता आणि प्रत्येक नावाला बोटांवर काहीतरी मोजीत होता. त्याच्या घरी, दुकानात, हिशेबाच्या वेळी वडील असेच मोजतात, हे त्याने टिपून ठेवले होते.

ते वडील एके दिवशी शाळेत आले. ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, पुढच्या वर्षी दहावी आहे. या नाटकाने गुण वाढणार आहेत काय?"

प्रश्न रास्त होता. गुरुजींनी तो हसण्यावारी नेला नाही. त्यांनी सांगितले की, नाटक हे केवळ हौसेचे काम राहिलेले नाही. १९५९ साली दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालय निघाले आणि तेथे ते शास्त्र म्हणून शिकविले जाते. त्याच वर्षी मुंबईत सुधा करमरकर यांनी मुलांसाठी स्वतंत्र बालरंगभूमी सुरू केली. "पण हे सांगून मी आपल्याला भुलवीत नाही," ते म्हणाले. "या वर्गातील एकही मुलगा कदाचित नट होणार नाही. गुण वाढतील की नाही, तेही मला सांगता येणार नाही. मात्र उद्या आपला मुलगा दुकानात बसला, तर समोरच्या शेतकऱ्याचे बोलणे तो पुरते ऐकून घेईल. ज्याला समोरच्याचे ऐकू येत नाही, त्याला रंगभूमीवर उभेच राहता येत नाही. तो आपले वाक्य चुकीच्या जागी बोलतो."

वडील थोडा वेळ थांबले आणि, "बरे, प्रयोगाला येईन," असे म्हणून गेले.

प्रयोगाचा दिवस हीच आता अडचण झाली. शाळेचे संमेलन हिवाळ्यात होत असे. तोवर ती मुलगी आणि तिच्यासारखी आणखी चार-पाच मुले गावात राहणार नव्हती. शिवाय ज्यांचे हे नाटक, ती माणसेच प्रेक्षकांत नसती. मुलांनी एकमताने ठरविले की, प्रयोग दिवाळीच्या सुटीपूर्वी करायचा. तालमीसाठी दिवस थोडे उरले. कोणी पडदा ओढण्याचे काम घेतले, कोणी मागून वाक्ये सांगण्याचे. एकाला संबंध नाटकात एकच वाक्य होते; पण त्याच्या वाक्याशिवाय दुसऱ्याला आत येता येत नव्हते, म्हणून त्याची वाट सारेच पाहत.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी आईचे काम करणाऱ्या मुलीला ताप भरला. सगळ्यांनी घागरीच्या मुलीकडे पाहिले. कोणी काही बोलले नाही. आडत्याचा मुलगा तेवढा पुढे झाला आणि म्हणाला, "कोणी हसणार नाही. हसले तर मी राजाचा आवाज काढतो!"

त्याच्या या बोलण्यावर तीही हसली, आणि तयार झाली.

शाळेच्या अंगणात, निंबाखाली प्रयोग झाला. सतरंज्यांवर गाव बसले होते. दोन दिवसांनी निघणारी माणसेही आली होती. ती एका कडेला, बुजल्यासारखी बसली. नाटक अर्ध्या तासाचे होते. गाठोड्याचा प्रसंग आला. मुलगी जमिनीवर बसली, फडके पसरले. या वेळी ते खरेच होते. तिने गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. अंगणात निंबाची पाने हलण्याचाही आवाज ऐकू येत होता. कोणी हसले नाही. नाटक संपले तेव्हा टाळ्यादेखील लगेच पडल्या नाहीत; जरा वेळाने पडल्या, आणि पुष्कळ वेळ पडत राहिल्या.

माणसे उठू लागली. मुलीची आई धाकट्याला कडेवर घेऊन पुढे आली. लेकीचे कौतुक कसे करावे, हे तिला सुचेना. तिने ते गाठोडे हातात घेतले, गाठ पाहिली आणि ती म्हणाली, "गाठ बरोबर मारली पोरीनं. पण दुसरा फेरा राहिला. गाडी हालली की सुटंल." आणि तिने तिथेच बसून लेकीला तो दुसरा फेरा घालून दाखविला. आडत दुकानदार जवळच उभे होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त बाजूला होऊन त्या माउलीला वाट करून दिली.

दोन दिवसांनी ट्रॅक्टर निघाले. मुलगीही गेली. ऊसतोड कामगारांच्या मुलांनी गावीच राहून शिकावे, म्हणून बीड जिल्ह्यात हंगामी वसतिगृहे चालविली गेली आहेत आणि अनेक मुलांना त्यांचा आधार झाला आहे. पण हिच्या घरी दोन वर्षांचा भाऊ होता, आणि आई फडात असताना कोपीत त्याच्याजवळ दुसरे कोणी नव्हते. एका नाटकाने गावाची रीत बदलत नाही.

तरी काही एक बदलले होते. सुटीनंतर शाळा भरली तेव्हा मागच्या बाकावरील तिची जागा रिकामी होती. ती पूर्वीही दरवर्षी रिकामी असे. फरक इतकाच की, या वर्षी ती सर्वांना दिसत होती. आडत्याच्या मुलाने एक कोरी वही आणली आणि पहिल्या पानावर तारीख घातली. त्या दिवसापासून वर्गात जे शिकविले जाई, ते तो आपल्या वहीत लिही आणि मग त्या दुसऱ्या वहीत उतरून ठेवी. तो आजारी पडला तेव्हा दुसऱ्या मुलाने ते काम केले. पाडव्यानंतर ती मुलगी परत आली. तिचे हात पाचटाने चिरले होते. बाकावर तिची वही तिची वाट पाहत होती. तीत पाच जणांचे अक्षर होते.

नाटक शिकणे म्हणजे काय, याचे उत्तर त्या वहीत आहे. तोंडाला रंग लावणे, आवाज चढविणे, टाळ्या मिळविणे हे सारे नाटकात असतेच. पण तो त्याचा बाहेरचा भाग. आपल्या शेजारच्या बाकावर जो बसतो, त्याच्या मनात घटकाभर शिरून यावे आणि परत आल्यावर त्याला विसरू नये, हा त्याचा गाभा. ही विद्या ज्याला थोडीशी जरी साधली, त्याने रंगभूमीवर पुन्हा कधी पाऊल टाकले नाही, तरी त्याचा नाटकाचा तास वाया गेला, असे कोणी म्हणू शकणार नाही.